बंद पडलेला जुना टॅब्लेट पुन्हा सुरू करायचाय? या क्रमाने जा

टॅब्लेट चालू होत नाही म्हणजे तो कायमचा गेला, असं लगेच धरून चालू नका. वर्ष-दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या टॅबची बॅटरी ठणठणीत रिकामी झालेली असते. इतकी उतरलेली बॅटरी चार्जरला लावली तरी पहिला बराच वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. लोक पाच मिनिटं वाट बघतात, सगळी बटणं दाबून पाहतात, मग कुठल्याशा व्हिडिओत बघून फॅक्टरी रीसेट (सगळं पुसून टॅब नव्यासारखा कोरा करणं) मारतात. ज्या फोटोंसाठी एवढा खटाटोप चालला होता, तेच पुसले जातात.

घरातले आणि नातेवाइकांचे असे बंद टॅब हाताळताना माझं एक मत पक्कं झालं आहे. यात उपायांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. ज्याने काही बिघडत नाही ते आधी करायचं, ज्याने डेटा पुसला जातो ते नंतर, आणि टॅब उघडायचा तो अगदी शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. बहुतेक पायऱ्या अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## आधी हे ठरवा

तुम्हाला टॅब हवाय, की टॅबमधलं काहीतरी? नुसता टॅब हवा असेल तर नवव्या पायरीपर्यंत बिनधास्त जा. आतले फोटो, नोंदी, रेकॉर्डिंग हवं असेल तर आठव्या पायरीनंतर थांबा आणि विचार करा. आयपॅडमध्ये आणि साधारण २०१५ नंतरच्या बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये साठवणूक कूटबद्ध असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात. एकदा रीसेट झाला की तो डेटा दुरुस्तीवाल्यालाही परत आणता येत नाही, मेमरी चिप काढून दुसरीकडे वाचली तरी नाही. फोटो कदाचित क्लाउडवर आधीच गेलेले असतील. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून त्याच अकाउंटमध्ये जाऊन आधी तेवढं बघा. काही वेळा काम तिथेच संपतं.

## काय काय जवळ ठेवायचं

- टॅबचा मूळ चार्जर आणि केबल. नसेल तर किमान ५ व्होल्ट, २ अँपियरचा चांगला चार्जर
- डेटा जाणारी, चांगल्या स्थितीतली केबल
- संगणक
- छोटा टॉर्च किंवा फोनचा फ्लॅश
- लाकडी टूथपिक, मऊ कोरडा ब्रश, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल
- यूएसबी मीटर (चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचं छोटं यंत्र, व्होल्ट आणि अँपियर दाखवतं)
- मल्टिमीटर, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर, फक्त शेवटच्या पायरीसाठी

सामानाइतकीच कागदावरची माहितीही लागते. टॅबच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेला मॉडेल नंबर लिहून घ्या. टॅबवर ज्या ईमेलने लॉगिन केलं होतं तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड शोधा. खरेदीची पावती सापडली तर तीही बाजूला काढून ठेवा. आयपॅड लॉक निघाला तर मालकी दाखवायला ती उपयोगी पडते.

या यादीतली एकच वस्तू नवी घ्यायची असेल तर यूएसबी मीटर घ्या, असं मी सांगेन. काळ्या पडद्यामागे काय चाललंय ते दुसऱ्या कशानेही इतकं स्वच्छ कळत नाही.

## पायरी १: बॅटरी फुगली आहे का बघा

चार्जरला हात लावण्याआधी हे करायचंच. टॅबचं कव्हर काढा आणि तो सपाट टेबलावर उताणा ठेवा. तो डोलतो का? कडेने पाहिल्यावर काच फ्रेमपासून थोडी उचललेली दिसते का? मागचं झाकण मधोमध फुगीर लागतं का? काही गोडसर, रसायनासारखा वास येतो का?

यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर टॅब चार्ज करू नका. दाबून बसवू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो, आणि आतले थर एकमेकांना टेकले तर ती पेट घेऊ शकते. अशा टॅबची बॅटरी अनुभवी माणसाकडूनच बदलून घ्यावी.

सगळं ठीक असेल तरी पुढचं चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा उशीखाली करू नका. फरशी किंवा दगडी ओटा चांगला. आणि तुम्ही जागे असाल, घरात असाल, तेव्हाच करा. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा वीज घेणारी बॅटरी रात्रभर एकटी सोडायची नाही.

टॅब थंड जागेतून काढला असेल तर तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते.

## पायरी २: चार्जर आणि केबल तपासा

चार्जरच्या अंगावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. फोनचे जुने चार्जर ५ व्होल्ट, १ अँपियर किंवा त्याहूनही कमी देतात. टॅबची बॅटरी फोनच्या मानाने बरीच मोठी असते. आयपॅड २ सोबत १० वॅटचा चार्जर येत असे, म्हणजे सुमारे २ अँपियरचा. संगणकाचं जुनं यूएसबी २ पोर्ट मात्र अर्धा अँपियरच देतं. त्यामुळे पूर्ण उतरलेला टॅब संगणकाला लावून ‘चार्ज होतच नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. भिंतीतल्या सॉकेटलाच लावा.

केबलच्या बाबतीत लोक कुठे कुठे फसतात ते सांगतो.

जुन्या सॅमसंग गॅलॅक्सी टॅबची ३० पिनांची रुंद केबल आणि जुन्या आयपॅडची ३० पिनांची केबल दिसायला जवळजवळ सारखी असते. पण ती एकमेकांना चालत नाही. जोर लावून घुसवली तर टॅबचं सॉकेट मोडतं.

काही स्वस्त टॅबना बारीक गोल पिनचा चार्जर असतो. तिथे पिन बसली म्हणजे चार्जर योग्य आहे असं होत नाही. गोल पिनचे चार्जर ५, ९ आणि १२ व्होल्टचेही मिळतात. ५ व्होल्टच्या टॅबला १२ व्होल्ट दिले की तो खरोखरच जातो. टॅबवर किंवा त्याच्या खोक्यावर छापलेला व्होल्टेज आणि पिनच्या आतबाहेरच्या धन-ऋण खुणा जुळल्याशिवाय लावू नका.

तिसरी गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. टाइप-सी सॉकेट असलेले काही स्वस्त टॅब दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. आपण वीज घेणारं यंत्र आहोत हे चार्जरला कळवणारे दोन छोटे रेझिस्टर त्यांच्या सॉकेटमध्ये बसवलेलेच नसतात. चार्जर मग वीज सोडतच नाही. अशा टॅबला एका टोकाला जुनं रुंद यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली केबल लावून पाहा.

आणि ज्या केबलने दुसरं एखादं यंत्र आत्ता, डोळ्यांसमोर चार्ज होतंय, तीच वापरा. ‘ही केबल चांगली असावी’ एवढ्यावर पुढे जाऊ नका.

## पायरी ३: सॉकेट साफ करा

टॉर्च मारून सॉकेटच्या आत बघा. पिशवीत, खिशात राहिलेल्या टॅबच्या सॉकेटमध्ये धागे आणि धूळ दाबली जाऊन तळाशी नमद्यासारखा थर बसतो. केबल आत गेल्यासारखी वाटते, पण शेवटचा मिलिमीटर बसत नाही. लाकडी टूथपिकने कडेकडेने, हळूच उकरा. सुई, टाचणी, पेपरक्लिप नको. आतल्या पिना वाकतात किंवा शॉर्ट होतात. हिरवट-पांढरा गंज दिसला तर ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा आणि पूर्ण वाळू द्या.

मायक्रो यूएसबी सॉकेटच्या मधली काळी जीभ हलते किंवा वाकडी झाली आहे का, हेही बघा. तसं असेल तर सॉकेट बदलावं लागेल. बाकी उपायांनी काही होणार नाही.

## पायरी ४: चार्जरला लावा आणि थांबा

सगळ्यात जास्त टॅब इथे परत येतात. आणि लोक सगळ्यात जास्त घाई करतात तीही इथेच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लिथियम बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि टॅब ३.३ ते ३.५ व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करून घेतो. बंद असतानाही बॅटरी हळूहळू उतरतच राहते. व्होल्टेज २.५ च्या आसपास आलं की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तिला बाहेरच्या जगापासून तोडून टाकतं. आता चार्जर लावला की टॅबमधली चार्जिंगची चिप आधी अगदी थोडा प्रवाह सोडते, नेहमीच्या साधारण दहावा हिस्सा. बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत हे असंच चालतं. या काळात पडदा लावण्याइतकी ताकद बॅटरीत नसते. चिन्ह नाही, लाइट नाही, आवाज नाही. टॅब मात्र आत वीज घेत असतो.

म्हणून केबल लावा, टॅब फरशीवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. दर दोन मिनिटांनी बटण दाबून पाहिलं तर जमलेली थोडीशी वीज प्रत्येक वेळी सुरू होण्याच्या प्रयत्नात खर्च होते. निदान तीन-चार तास द्या. टॅब फार मोठा असेल किंवा फार दिवस पडून असेल तर दिवसभर द्या. मधून मधून पाठीवर हात ठेवून बघा. किंचित कोमट लागणं चांगलं लक्षण आहे. हात ठेववत नाही इतका गरम झाला तर केबल लगेच काढा.

यूएसबी मीटर असेल तर अँपियरचे आकडे असे वाचा:

०.०० वर अडकलाय: वीज आत जातच नाही. केबल, सॉकेट किंवा चार्जिंगची चिप यांपैकी काहीतरी बिघडलंय, किंवा बॅटरीची जोडणी सुटली आहे. पायरी २ आणि ३ पुन्हा करा.

०.०५ ते ०.२ च्या आसपास: बॅटरी जागी होतेय. थांबा.

१ किंवा त्याहून जास्त: चार्जिंग व्यवस्थित चालू आहे. पडदा अजूनही काळा असेल तर बॅटरीकडे संशयाने बघू नका. अडचण पुढे कुठेतरी आहे.

आकडा चढतो, दोन-चार सेकंदांनी कोसळतो, पुन्हा चढतो: टॅब सुरू व्हायला बघतोय आणि बंद पडतोय. बॅटरीत जीव कमी आहे, किंवा सॉफ्टवेअर अडकलंय. आधी काही तास तसाच ठेवा, मग पायरी ५.

मीटरवर बराच वेळ ०.०७ असा आकडा दिसत राहतो आणि मग नजरेसमोर तो ०.४०, ०.९०, १.३० असा चढत जातो. इतका वेळ नुसतं थांबल्याचं समाधान तेव्हा मिळतं. त्यानंतर काही मिनिटांत पडद्यावर बॅटरीचं रिकामं चित्र यायला हवं.

बॅटरी बाहेरून वायर लावून ‘जंप’ करायचे किंवा फ्रीझरमध्ये ठेवायचे व्हिडिओ सापडतील. यातलं काहीही करू नका. फार खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळतो आणि चार्ज होताना तेच तांबं भलत्या ठिकाणी बसून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. संरक्षक सर्किट नकार देत असेल तर त्याला तसंच कारण असतं.

## पायरी ५: जबरदस्तीने रीस्टार्ट करा

पडद्यावर बॅटरीचं चित्र दिसलं, पण टॅब पुढे जात नाही, किंवा चार्ज झालाय आणि तरी काळा आहे, तर आता बटणांची वेळ. यात डेटा पुसला जात नाही. चार्जर लावलेलाच ठेवा.

आधी तीन साध्या गोष्टी. मेमरी कार्ड आणि सिम काढून ठेवा. खराब झालेलं मेमरी कार्ड टॅब सुरू होताना अडवून धरू शकतं. चुंबकाचं कव्हर असेल तर पूर्ण बाजूला करा. कव्हर मिटलंय असं आतल्या सेन्सरला वाटलं तर तो पडदा बंदच ठेवतो. आणि बटणं कव्हरमुळे किंवा घाणीने दाबलेली राहिली नाहीत ना, हे बोटाने तपासा. ‘टक्’ असा आवाज यायला हवा.

अँड्रॉइड: पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. काही झालं नाही तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, १५-२० सेकंद. ॲमेझॉनच्या फायर टॅबला पॉवर बटण ४० सेकंद दाबावं लागतं.

होम बटण असलेला आयपॅड: होम आणि वरचं बटण एकत्र दाबून ठेवा, ॲपलचा लोगो येईपर्यंत सोडू नका.

होम बटण नसलेला आयपॅड: वरच्या बटणाजवळचं आवाजाचं बटण दाबून लगेच सोडा, मग दुसरं आवाजाचं बटण दाबून लगेच सोडा, मग वरचं बटण लोगो येईपर्यंत दाबून धरा.

लोगो आला आणि तिथेच थांबला तर लगेच पुन्हा बंद करू नका. एखादा अर्धवट राहिलेला अपडेट पूर्ण व्हायला जुन्या टॅबला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात.

## पायरी ६: टॅब बंद आहे, की फक्त पडदा?

खोलीतले दिवे मालवा. टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि काचेवरून हळूहळू फिरवा. घड्याळाचे आकडे, ॲपची चिन्हं, कुलपाचं चित्र, असं काहीही पुसटसं दिसलं तर टॅब चालू आहे. फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. केबल काढून लावल्यावर ‘टुंग’ आवाज आला, थरथर जाणवली, तरी अर्थ तोच. (ओलेड पडद्याच्या टॅबला मागचा प्रकाश नसतोच, त्यामुळे तिथे टॉर्चची परीक्षा चालत नाही, आवाजावर भर द्या.)

असा टॅब संगणकाला जोडून फोटो काढता येतात, पण त्याला पडद्यावरचं कुलूप नसेल तरच. कुलूप असेल तर आधी पडदा दुरुस्त करून घ्यावा लागेल. डेटा जागेवर आहे हे तरी कळतं, आणि रीसेटच्या भानगडीत पडायचं कारण उरत नाही.

## पायरी ७: संगणकाला जोडून बघा

निदान तासभर चार्ज केल्यावर डेटा केबलने संगणकाला जोडा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवा आणि केबल लावताना यादीत काय नवं येतं ते बघा.

टॅबचं नाव आलं तर उत्तम, टॅब जिवंत आहे. ‘क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर ९००८’ असं काही आलं तर प्रोसेसर जागा आहे, पण त्याला सुरू होण्याचा पहिला प्रोग्रॅमच सापडत नाही. ‘मीडियाटेक प्रीलोडर’ काही सेकंद दिसून गायब झाला तर ते त्या चिपचं नेहमीचंच वागणं आहे, घाबरू नका. जुन्या एनव्हिडिया चिपच्या टॅबवर ‘एपीएक्स’ दिसलं तर बूटलोडर (टॅब सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) गेल्याची शक्यता मोठी. ९००८ किंवा एपीएक्स सतत दिसत राहिलं तर नवख्याने पुढे हात घालू नये. त्यासाठी त्या मॉडेलच्या खास फाइली लागतात, आणि त्या सगळ्या टॅबसाठी मिळत नाहीत.

काहीच आलं नाही तर आधी केबल बदला. नुसती वीज नेणाऱ्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबली घरोघर असतात.

## पायरी ८: रिकव्हरीत जा, पण पुसू नका

रिकव्हरी म्हणजे टॅब नेहमीसारखा सुरू न होता दुरुस्तीचे पर्याय देतो ती अवस्था.

अँड्रॉइड: टॅब बंद असताना पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबा. जुन्या सॅमसंगला सोबत होम बटणही लागतं. काही कंपन्यांत आवाज कमी करायचं बटण असतं. आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ दिसलं तर पॉवर दाबून ठेवून आवाज वाढवायचं बटण एकदाच दाबा, यादी उघडेल.

यादीत आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरने निवडायचं. पहिल्यांदा ‘रिबूट सिस्टिम नाऊ’ करून बघा. नाही जमलं तर ‘वाइप कॅशे पार्टिशन’. याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात, तुमचे फोटो नाही. त्याच्या अगदी शेजारी ‘वाइप डेटा/फॅक्टरी रीसेट’ असतं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर आहे, त्यामुळे पॉवर दाबण्याआधी ठळक झालेली ओळ पुन्हा वाचा.

आयपॅड: संगणकाला जोडून पायरी ५ मधलीच बटणं दाबा, पण लोगो आला तरी सोडू नका, केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. २०१९ च्या कॅटालिना किंवा त्यानंतरच्या मॅकवर फाइंडर उघडा, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस. दोन पर्याय येतील, अपडेट आणि रिस्टोअर. अपडेट निवडा. त्यात प्रणाली नव्याने बसते आणि डेटा राहतो. रिस्टोअर सगळं पुसतो. डाउनलोडला पंधरा मिनिटांहून जास्त लागले तर आयपॅड त्या अवस्थेतून बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांची क्रिया परत करा.

## पायरी ९: फॅक्टरी रीसेट, आणि त्यामागचं कुलूप

इथपर्यंत काही जमलं नसेल आणि डेटाची आशा सोडायची तयारी असेल तरच हे करा. पण त्याआधी जुन्या अकाउंटचा पासवर्ड आठवतो का, ते दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करून पक्कं करा.

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रिकव्हरीतून रीसेट केलेला टॅब आधीचं गूगल अकाउंट मागतो. आयपॅडमध्ये आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून, ॲक्टिव्हेशन लॉक (मालकाच्या ॲपल अकाउंटशिवाय न उघडणारं कुलूप) आहे. रीसेटने हे कुलूप जात नाही. गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटआधी २४ तास थांबा. कुलूप ‘नक्की तोडून देतो’ म्हणणाऱ्या ॲप आणि साइटवर पैसे किंवा पासवर्ड देऊ नका. आयपॅडच्या बाबतीत पावती असेल तर ॲपलकडे रीतसर मागणी करता येते.

रीसेट होताना बॅटरी किमान अर्धी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या.

## पायरी १०: फर्मवेअर नव्याने टाकणं

फर्मवेअर म्हणजे टॅब चालवणारी कंपनीची मूळ प्रणाली. ती नव्याने टाकणं ज्यांना संगणकावर जरा हात बसलेला आहे त्यांनीच करावं. सगळा खेळ मॉडेल नंबरचा आहे. सॅमसंग गॅलॅक्सी टॅब २ (१०.१) चा पी५१०० हा सिम असलेला, तर पी५११० फक्त वायफायचा. दिसायला जुळे, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. नंबर पाठीवरून घ्या, आठवणीतून नको. सॅमसंगसाठी वापरतात त्या ओडिन प्रोग्रॅममध्ये ‘री-पार्टिशन’ची खूण कधीही लावू नका. फाइल कंपनीच्या किंवा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, आणि काम चालू असताना केबलला धक्का लागू देऊ नका.

वारंवार फर्मवेअर टाकूनही लोगोवरच अडकतोय, किंवा रीसेट करूनही जुनंच सगळं परत येतंय, तर आतली साठवणूक चिप झिजलेली असते. तिथे थांबावं.

## पायरी ११: टॅब उघडायचा असेल तर

मीटरवर ०.०० आहे आणि केबल-सॉकेट ठीक आहे, तरच याचा विचार करा. प्लास्टिकच्या पाठीचे टॅब कडेच्या खाचा सोडवून उघडतात. आयपॅड आणि काचेचे टॅब गोंदाने चिकटवलेले असतात, उष्णता देऊन काच उचलावी लागते. ते पहिल्यांदाच करणाऱ्याने टाळावं.

पाठ निघाली तर बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला. मग पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणि कनेक्टर पुन्हा नीट दाबून बसवा. सैल झालेला कनेक्टर हे काही टॅबचं एकमेव दुखणं असतं, आणि एवढ्यानेच ते सुरू होतात.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा. ३.६ च्या वर असेल तर बॅटरी ठीक आहे, दोष बोर्डात आहे. ३ च्या आसपास असेल तर नुसती उतरलेली. इतक्या तासांच्या चार्जिंगनंतरही २.५ च्या खाली किंवा शून्य असेल तर बदला. नवी बॅटरी घेताना जुनीवर छापलेला नंबर आणि व्होल्टेज जुळवा, ३.७ च्या जागी ३.८ व्होल्टची बसवू नका. निर्मितीची तारीखही बघा. डब्यात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. चिकटलेली बॅटरी काढताना धातूची पट्टी कधीही वापरू नका.

## सुरू झाला! आता पहिल्या तासात

सगळ्यात आधी फोटो आणि फाइली संगणकावर काढा. खेळून बघणं, अपडेट करणं, सगळं नंतर. आज सुरू झालेला टॅब उद्या होईलच असं धरून चालू नका.

मग तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरल्याने घड्याळ मागे गेलेलं असतं, कधी थेट १९७० वर. तारीख चुकली की प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते आणि लॉगिन होत नाही. लोकांना वाटतं टॅब बिघडला.

वायफाय दिसत नसेल तर जुना टॅब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो का बघा. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ एकटंच चालू असेल किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत) असेल तर त्याला जोडता येणार नाही. तारीख बरोबर असूनही साइट उघडत नसतील तर कारण प्रमाणपत्रांचं (साइट खरी आहे हे टॅब ज्यावरून ओळखतो त्यांचं) असू शकतं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या टॅबमध्ये साइटना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं नवं मूळ प्रमाणपत्र नसतं, आणि खूप साइट त्यावरच चालतात. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत ठेवतो, म्हणून टॅबवर चालणारी त्याची आवृत्ती मिळाली तर काही साइट उघडतात. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या यंत्रांवर सप्टेंबर २०२१ पासून गूगलचं लॉगिनच बंद आहे, आणि ४.४ ला प्ले सर्व्हिसेसचे (गूगलच्या ॲपना आतून लागणाऱ्या प्रोग्रॅमचे) अपडेट २०२३ मध्ये थांबले.

अशा टॅबवर बँकेचं काम, खरेदी, मुख्य ईमेल ठेवू नका. सुरक्षेचे अपडेट त्याला येत नाहीत. पुस्तकं, साठवलेली गाणी, पाककृती, मुलांची चित्रकला यासाठी तो अजून छान चालतो. फोटोफ्रेम म्हणून भिंतीला लावून कायम चार्जरवर ठेवायचा विचार असेल तर सोडा. सतत पूर्ण भरलेली जुनी बॅटरी फुगते. पुन्हा ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी परत निम्मा भरा.

## नाहीच झाला तर

मेमरी कार्ड आणि सिम आठवणीने काढा. टॅब कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, बॅटरीमुळे कचरागाडीत आग लागू शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्या. सुट्ट्या बॅटरीच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा. शेवटी दुसऱ्या यंत्रावरून तुमच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या यादीत हा टॅब शोधा आणि त्याला तिथून साइन आउट करून काढून टाका.